जुन्या गाडीचा ऑइल प्रेशर स्विच बदलताना: मुंबईच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी सँट्रो, पद्मिनी, अँबॅसडर अशा गाड्या अजून जपून चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. गॅरेजमध्ये या पार्टला कोणी ‘ऑइल स्विच’ म्हणतं, कोणी ‘सेन्सर’, दुकानदार दोन्ही समजतो. पार्ट काहीशे रुपयांचा असला तरी त्याच्या भरवशावर अख्खं इंजिन असतं, म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत.

डॅशबोर्डवर किटलीचा लाल दिवा लागलाय. स्विच बदलून टाकू का?

आधी डिपस्टिक काढा. गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. काडी फडक्याने पुसा, परत घाला, मग बघा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर स्विचने आपलं काम चोख केलंय. ऑइल भरा आणि ते गेलं कुठे याचा शोध घ्या.

ऑइल बरोबर असेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर प्रेशर खरंच पडलंय, नाहीतर स्विच किंवा त्याची वायर खोटं सांगतेय. गॅरेजमध्ये बहुतेकदा दुसरी शक्यता धरून चालतात, कारण ती स्वस्तात निपटते. प्रेशर मोजल्याशिवाय मात्र ती धरून चालू नका.

हा स्विच नेमकं काय करतो?

जुन्या गाड्यांत तो एका तारेचा असतो. बॅटरीचा करंट चावीतून दिव्यात, दिव्यातून वायरीने स्विचमध्ये आणि स्विचच्या धातूच्या अंगातून इंजिन ब्लॉकला, म्हणजे अर्थला जातो. स्विचच्या पोटात एक पडदा आणि स्प्रिंग असते. ऑइलचा दाब नसला की आतले पॉइंट जुळलेले राहतात आणि दिवा जळतो. इंजिन सुरू होऊन दाब आला की पडदा उचलला जातो, पॉइंट सुटतात, दिवा विझतो.

हा दाब किती? बहुतेक स्विच ०.३ ते ०.५ बारच्या आसपास उघडतात. म्हणजे अगदीच कमी. दिवा विझलाय म्हणून प्रेशर चांगलं आहे असं समजू नका, ते ‘अगदी शून्याजवळ नाही’ एवढंच त्यातून कळतं. धावत्या इंजिनला ३ बार हवे असताना १ बारच मिळत असेल, तरी डॅशवर सगळं शांत दिसेल.

ज्यांच्या डॅशवर दिव्याऐवजी काटा आहे त्यांच्या इंजिनवर स्विच नसून सेंडर असतो. तो डब्यासारखा फुगीर असतो आणि दाबाप्रमाणे त्याचा रेझिस्टन्स बदलतो. दोन्हींचे आटे सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. काही गाड्यांत दोन्ही शेजारी शेजारी असतात, म्हणून वायर काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

चालत्या गाडीत दिवा लागला तर घरापर्यंत नेऊ का?

नाही. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, हॅझार्ड लावा. फ्रीवेवर असाल तर ‘पुढच्या एक्झिटला बघू’ असं म्हणू नका. ऑइलचा दाब नसेल तर बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही आणि टोइंगचं बिल इंजिन खाली उतरवण्यापेक्षा नेहमीच कमी असतं. दिव्यासोबत खडखड आवाज येत असेल तर पुन्हा सुरू करूनही बघू नका.

दिवा खरा की खोटा, हे घरी कसं ओळखायचं?

एका तारेच्या स्विचसाठी साध्या चाचण्या आहेत.

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. दिवा लागेल. आता स्विचची वायर काढून हवेत धरा. दिवा विझला तर वायरिंग ठीक आहे. विझला नाही तर वायर मध्येच कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला लागतेय. एक्झॉस्टजवळून गेलेली वायर वितळून ब्लॉकला चिकटली असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीत स्विच कितीही वेळा बदलला तरी दिवा जळतच राहणार.

मग मल्टिमीटर, बीप देणाऱ्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर. त्याचं एक टोक स्विचच्या पिनला, दुसरं ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा. इंजिन बंद असताना मीटर वाजला पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर गप्प झाला पाहिजे. सुरू इंजिनातही वाजत राहिला तर स्विच अडकलाय किंवा दाबच नाही. मीटर यापुढे सांगू शकत नाही, म्हणून ही चाचणी काही सेकंदांत उरका.

पक्का निकाल गेजच देतो. स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल प्रेशर गेजची नळी लावायची, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यायचं (रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो एकदा फिरून बंद झाला की समजा झालं) आणि आयडलला व दोन-तीन हजार आरपीएमला आकडा वाचायचा. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय हवेत. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. ठोकताळ्याने कामचलाऊ अंदाज येतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला धरा.

गेज नसलेल्या गॅरेजमध्ये ऑइल लाइटची तक्रार घेऊन जाण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी काहीच नसतं. सायनच्या सिग्नलला पोचलो की दिवा लुकलुकतो, रेस दिली की जातो. हा स्विचचाच दोष ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर बहुतेकांना आवडत नाही.

थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेल्या पंपालाही ते दाब देतं. तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकत सरकत इंजिन तापलं की तेच ऑइल पातळ होतं. आयडलिंगला पंप सगळ्यात हळू फिरतो. क्रँकच्या बेअरिंगमधला गॅप झिजून वाढला असेल तर ऑइल तिथून सहज निसटतं आणि दाब स्विचच्या मर्यादेखाली जातो. रेस दिली की पंप जोरात फिरतो, दाब सावरतो, दिवा विझतो. गरम इंजिन, आयडलिंग आणि लुकलुक, हे तिन्ही एकत्र आले की आधी इंजिनावर संशय घ्या, स्विचवर नंतर.

पण त्याने लगेच हातपाय गाळू नका, कारण याची स्वस्त कारणंही असतात. आयडल सेटिंग फार खाली आलेलं असेल. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट नीडल गळून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरत असेल. तसं असेल तर डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसते. चेंबरमधली ऑइलची गाळणी गाळाने बुजली असेल. चेंबर उतरवला की कळतं. जास्तीचा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा अडकला असेल.

सीएनजीवाल्यांना एक वेगळी सूचना. गॅसवर काजळी कमी धरते, त्यामुळे ऑइल बरेच दिवस स्वच्छ दिसतं आणि मालक बदलणं पुढे ढकलत जातो. रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि महिने मोजा.

आणि हो, स्विचचाही दोष असू शकतो. आतली स्प्रिंग थकून तो जास्त दाबालाच उघडायला लागला तर अगदी हीच लक्षणं दिसतात. म्हणूनच पुन्हा सांगतो, गेज लावा.

मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल टाका, दिवा जाईल.

जाईलही. पद्मिनी किंवा अँबॅसडरसारख्या ढिल्या गॅपच्या इंजिनात २० डब्ल्यू ५० ग्रेडचं जाड ऑइल चालतंच. पण १० डब्ल्यू ३० साठी बनलेल्या इंजिनात केवळ दिवा विझवायला ५० चं ऑइल ओतलं की थंड असताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि टॅपेट कोरडे चालतात. झीज तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते. गाडी महिन्याभरात विकायची असेल तर विकणारा असं करतोच. विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली. चावी फिरवली तरी ऑइलचा दिवा लागतच नाही. म्हणजे चांगलंच ना?

उलट, हे जास्त काळजीचं. चावी ऑन आणि इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब गेलाय, वायर सुटलीय, स्विच आतून उघडा अडकलाय, किंवा कोणीतरी मुद्दाम उद्योग केलाय. बल्ब काढून ठेवणं हा जुना प्रकार. त्याहून हुशार माणूस ऑइलचा दिवा चार्जिंगच्या दिव्याला जोडून देतो. चावी फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात, आणि ऑइलचं प्रेशर शून्य झालं तरी कळत नाही.

तपास सोपा आहे. स्विचची वायर काढून चावी ऑन करा. तरीही दिवा लागला तर आधी वायर कुठे बॉडीला लागलीय का ते बघा, नसेल तर तो दिवा स्विचला जोडलेलाच नाही. लागला नाही तर वायर ब्लॉकला टेकवा. आता लागला तर स्विच खराब. तरीही नाही लागला तर बल्ब किंवा वायर.

प्रेशर ठीक आहे, पण स्विचच्या खाली ऑइल ओघळतं.

मग बदला. दोन ठिकाणांहून गळतं: आट्यांतून, किंवा आतला पडदा फाटून थेट पिनच्या बाजूने. दुसरं जास्त वाईट, कारण तो पडदा पूर्ण गेला तर चालत्या इंजिनात ऑइल दाबाने बाहेर उडतं. खूण अशी: कनेक्टर काढला आणि त्याच्या आत ऑइल भरलेलं दिसलं की पडदा गेला.

आधी मात्र जागा पुसून दहा मिनिटं इंजिन चालवून बघा. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून ओघळलेलं ऑइल स्विचवर साचतं आणि बदनाम स्विच होतो.

नवा स्विच घेताना काय बघायचं?

जुना हातात घेऊन जा. गाडीचं नाव, वर्ष, पेट्रोल की डिझेल एवढं सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच इंजिन बदललेलं असतं.

आट्यांकडे नीट बघा. जपानी वळणाच्या इंजिनांत, म्हणजे मारुतीतही, १/८ इंचाचे निमुळते पाइपचे आटे नेहमीचे. त्यात इंचाला २८ आटे असतात. अमेरिकन मापाच्या १/८ मध्ये इंचाला २७. हाताने सुरुवातीला दोन्ही लागतात आणि घात तिथेच होतो. पान्याने जोर लावला की ब्लॉकचे आटे फाटतात. युरोपियन इंजिनांत एम १० किंवा एम १४ असे मिलिमीटरचे आटेही येतात, बरेचदा तांब्याच्या वायसरसह.

दुसरं म्हणजे पिन. चपटी, गोल, स्क्रूची, जशी जुनी तशीच घ्या. कनेक्टर कापून ‘जुगाड’ करू नका. मुंबईच्या दमट हवेत उघडा जोड एक पावसाळाही काढत नाही.

तिसरं, उघडण्याचा दाब. तो बहुधा अंगावर कोरलेला असतो. जुन्यावर ०.३ असेल आणि नव्यावर ०.८, तर चांगल्या इंजिनातही दिवा लुकलुकेल.

मुंबईत कुठे मिळेल?

मारुती, ह्युंदाईचा स्विच उपनगरातल्या कुठल्याही बऱ्या पार्टच्या दुकानात मिळतो. ओरिजिनलच घ्या. एवढ्याशा पार्टमध्ये डुप्लिकेट घेऊन वाचतं ते वडापावचे पैसे.

बंद झालेल्या मॉडेलसाठी ऑपेरा हाऊसच्या आजूबाजूची पार्टची दुकानं गाठा. तिथले जुने काउंटरवाले आटे बघूनच डबा काढतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात जुना माल मिळतो, पण वापरलेला प्रेशर स्विच घेऊ नका. रबराचा पडदा किती शिजलाय ते बाहेरून दिसत नाही. गोटी (सॉकेट) आणि पाने हवे असतील तर नागदेवी स्ट्रीट, मल्टिमीटरसाठी लॅमिंग्टन रोड.

पद्मिनीवाल्यांचं थोडं अवघड झालंय. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी टॅक्सी म्हणून धावत होती तोवर तिचे पार्ट नाक्यानाक्यावर होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता मिळाला की दोन घेऊन ठेवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येईल का?

काम लहान आहे, पण सेक्रेटरीला आधी सांगितलेलं बरं. पेव्हर ब्लॉकवर पडलेला ऑइलचा डाग जात नाही आणि पुढच्या मीटिंगपर्यंत कोणी विसरत नाही. खाली पुठ्ठा अंथरा, त्यावर जुनी बादली. स्टॅक पार्किंगच्या पाळण्याखाली अजिबात नको. गाडी उचलावी लागणार असेल तर जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा.

प्रत्यक्ष बदलायचा कसा?

इंजिन थंड होऊ द्या. स्विच बहुतेक ऑइल फिल्टरच्या आसपास किंवा ब्लॉकच्या कडेला असतो. सापडत नसेल तर फिल्टरपासून शोधायला सुरुवात करा. स्टार्टरजवळ असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाना चुकून स्टार्टरच्या टर्मिनलला लागला तर ठिणग्या उडतात.

भोवतालची जागा ब्रशने आणि थोड्या डिझेलने स्वच्छ करा. हे टाळू नका, कारण स्विच निघाला की ती ऑइल गॅलरीची (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेची) उघडी तोंड असते आणि तिथे पडलेली वाळू सरळ बेअरिंगपर्यंत जाते.

कनेक्टर खेचताना वायरीला नाही, प्लास्टिकला धरा. जुनं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. मग खोल गोटी लावा. बऱ्याच जपानी स्विचना २४ मिलिमीटरची लागते. साधी उथळ गोटी पिनवर आदळते आणि उघडा पाना कडा गोल करतो. सुटत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून चहा पिऊन या.

स्विच निघाल्यावर थोडं ऑइल ठिबकेल, फडकं तयार ठेवा. इंजिन बंद असल्याने धार लागत नाही. भोकाचे आटे फडक्याने पुसा, नवा स्विच हाताने लावा. पहिले दोन-तीन आटे बोटांनीच जायला हवेत. जात नसतील तर थांबा, आटे चुकीचे आहेत किंवा तिरके लागताहेत.

टेफ्लॉन टेप लावू का?

प्लंबरकडची पांढरी टेप हातात आली की लोक अख्खा स्विच गुंडाळतात. त्यात दोन धोके आहेत. तुकडा तुटून गॅलरीत गेला तर बारीक वाट बुजू शकते. आणि एका तारेच्या स्विचला आट्यांतूनच अर्थ मिळतो, जाड टेपमुळे तो कमकुवत होऊ शकतो. निमुळत्या आट्यांना पाइप थ्रेड सीलंट पातळसा लावा, टोकाचे एक-दोन आटे कोरडे सोडा. नव्या स्विचवर कंपनीनेच सीलंट लावलं असेल तर काहीच नको. वायसरवाल्या सरळ आट्यांना फक्त नवा वायसर.

किती टाइट?

१/८ च्या निमुळत्या स्विचला साधारण १२ ते १५ न्यूटन मीटर, म्हणजे मनगटाचा जोर. दांड्यावर पाइप चढवायचा नाही. निमुळता आटा पाचरीसारखा बसतो. जास्त आवळलात तर ॲल्युमिनियमचं घर तडकतं.

आटा गेलाच तर?

मशीन शॉपमध्ये दाखवा. आटे नव्याने पाडून किंवा आत बुश घालून काम होतं. एम-सील लावून दाबाच्या जागी काही टिकत नाही, कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी.

नवा बसवून इंजिन सुरू केलं. आता काय बघू?

दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत नाही विझला तर बंद करा. विझला तर गरम होईपर्यंत चालवा आणि टॉर्च मारून आट्यांभोवती ओल आहे का बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा बघा आणि डिपस्टिकही काढा.

रोज सकाळी दिवा पाच-सहा सेकंद राहतो, मग जातो. स्विच नवा आहे.

फिल्टरवर संशय घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, ती रात्रभर ऑइल आत धरून ठेवते. स्वस्त फिल्टरची झडप कडक होते, ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पंपाला आधी फिल्टर भरावा लागतो. ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मात्र असं होणं साहजिक आहे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलो, तेव्हापासून दिवा कधी लागतो कधी नाही.

हिंदमाता किंवा मिलन सबवेचं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं असेल. कनेक्टर काढा, हिरवट-पांढरा गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकवा, रबरी टोपी फाटली असेल तर बदला. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दरवर्षी मे महिन्यात एवढं केलं तरी पुरे.

पाणी बोनेटपर्यंत चढलं असेल तर प्रश्न स्विचचा राहिला नाही. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर स्टार्टर मारू नका, गाडी उचलून न्या.

माझ्या गाडीच्या सेन्सरला तीन तारा आहेत. वरच्या चाचण्या चालतील?

नाही. तो इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो: एका तारेत सहसा ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. त्यातली वायर ब्लॉकला टेकवून बघू नका, ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) इजा होऊ शकते. स्कॅनर लावून वाचलेला दाब आणि मेकॅनिकल गेजचा आकडा शेजारी ठेवा. दोन्ही जुळले तर सेन्सर बरोबर आहे आणि गेज जे दाखवतोय तेच खरं.

काढलेला स्विच आणि ऑइलची फडकी कुठे टाकू?

ऑइल गटारात नाही, घंटागाडीतही नाही. बाटलीत भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून जुनं ऑइल उचलणारे येतात. स्विच आणखी काही दिवस ठेवा. नव्याने त्रास दिला तर दुकानात आटे दाखवायला तोच लागेल.